मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू आहेत आणि श्वास अडखळतोय… गोळी बंद करण्याआधी हे समजून घ्या

समजा, वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात एका गावात बावीस वर्षांच्या तरुणावर स्किझोफ्रेनियाचे उपचार नुकतेच सुरू झाले आहेत. कानात आवाज येणे थोडे कमी झाले आहे, झोप लागू लागली आहे. तिसऱ्या रात्री अचानक त्याची मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर चढतात, जबडा आखडतो आणि घशातून घरघर सुरू होते. घरात लगेच दोन मते पडतात. कोणी म्हणते बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणते गोळीनेच घात केला. उजाडेपर्यंत गोळ्यांची पिशवी उकिरड्यावर गेलेली असते.

यातले दुसरे मत अर्धे बरोबर आहे. असा त्रास औषधामुळे होऊ शकतो आणि घशाचे स्नायू आखडले तर तो जिवावरही बेतू शकतो. मात्र तो ओळखता आला तर बहुतेक वेळा एका साध्या इंजेक्शनने थोड्याच वेळात उतरतो. उलट, घाबरून गोळी कायमची फेकून दिली तर त्याची किंमत घराला पुढे कित्येक महिने मोजावी लागते. म्हणून श्वासाचा कोणता त्रास म्हणजे धावपळ करण्याची वेळ, कोणता उद्यापर्यंत थांबू शकतो आणि कोणता गोळीमुळे नसतोच, हे अशा प्रत्येक घराला माहीत असायला हवे.

ही औषधे कोणती आणि कोणाला दिली जातात?

हॅलोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन, फ्लुफेनाझिन ही जुन्या पिढीतील, तर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटिआपिन, ॲरिपिप्राझोल, ॲमिसल्प्राइड आणि क्लोझापिन ही नंतरच्या पिढीतील औषधे. या सर्वांना मिळून अँटिसायकोटिक औषधे म्हणतात. स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजारातील तीव्र उन्माद, भास आणि भ्रम असलेले नैराश्य अशा आजारांत ती दिली जातात. काही औषधे गोळीऐवजी दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनच्या स्वरूपातही मिळतात. रोज गोळी घ्यायला विसरणाऱ्या किंवा नकार देणाऱ्या रुग्णांसाठी ती सोयीची ठरतात.

वाशिममध्ये असे किती रुग्ण असतील? बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात स्किझोफ्रेनिया आणि त्यासारख्या आजारांचे सध्याचे प्रमाण प्रौढांमध्ये ०.४ टक्के आढळले. हाच हिशेब २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्या असलेल्या वाशिम जिल्ह्याला लावला, तर आकडा ३ हजारांच्या घरात जातो. हा केवळ अंदाज आहे. पण वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत अशी घरे आहेत, एवढे त्यावरून समजते. त्याच सर्वेक्षणानुसार अशा रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. जे पोहोचतात, त्यांतल्या कित्येकांचे उपचार दुष्परिणामांमुळे मध्येच सुटतात.

औषधाचा गुण आणि दोष एकाच मुळातून कसे येतात?

याचे उत्तर शोधताना मुंबईचाही एक धागा हाती लागतो. डॉ. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ मध्ये सर्पगंधा वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर मांडला. सर्पगंधेतून पुढे रेसरपिन हे औषध वेगळे काढण्यात आले आणि १९५४ पासून अमेरिकेत ते मनोरुग्णांनाही दिले जाऊ लागले. त्याच सुमारास, १९५२ मध्ये पॅरिसमधील सँत-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू केला होता. दोन्ही औषधांनी रुग्ण शांत होत, पण काहींचे हात थरथरत आणि चाल मंदावे. असे का होते, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांच्या १९५७ मधील प्रयोगांतून कळू लागले. रेसरपिनने मेंदूतील डोपामाइन हे रसायन कमी होते आणि त्यामुळे हालचाल अडखळते, असे त्यांनी दाखवले. या कामासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

मेंदूच्या एका भागात डोपामाइनची क्रिया वाढली की भास आणि भ्रम होतात. अँटिसायकोटिक औषधे ती क्रिया दाबतात, म्हणून आवाज थांबतात. पण हेच रसायन दुसऱ्या भागात स्नायूंच्या हालचालींवर ताबा ठेवते, तर तिसऱ्या भागात संप्रेरकांवर. औषध मेंदूत गेल्यावर तिन्ही ठिकाणी पोहोचते. थरथर, आखडणे, पाळी चुकणे हे त्रास तिथूनच येतात. म्हणजे दुष्परिणाम झाला म्हणून औषध बनावट आहे किंवा डॉक्टर चुकले, असे समजण्याचे कारण नाही. मात्र तो झाला की मात्रा, औषध किंवा वेळ बदलावी लागते आणि त्यासाठी तो डॉक्टरांच्या कानावर जावा लागतो.

श्वासाला त्रास नेमका कसा होतो?

श्वास अडखळण्याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिले कारण स्नायू आखडण्याचे. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत मान, जबडा, जीभ, डोळे यांचे स्नायू अचानक आखडू शकतात. तरुण पुरुषांमध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी हे जास्त होते. डोळे वर चढलेले, मान वाकडी, रुग्ण पूर्ण शुद्धीत पण बोलता येत नाही, असे हे दृश्य असते. अंगात आल्यासारखे वाटते ते यामुळेच. क्वचित हे आखडणे स्वरयंत्रापर्यंत जाते. तेव्हा श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येतो, ओठ निळे पडू लागतात. ही आणीबाणी आहे. प्रोमेथाझिनसारखे इंजेक्शन दिले की स्नायू सैल पडतात. हे इंजेक्शन महागडे नाही आणि ते देण्यासाठी मोठ्या शहरात जाण्याची गरजही नसते. उलटी थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन या औषधांनीही असेच आखडणे होऊ शकते. म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर सुरू असलेल्या गोळ्यांची माहिती आधी द्यावी.

दुसरे कारण गिळण्याचे. घशाचे स्नायू मंदावले की घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते. क्लोझापिनने तोंडात खूप लाळ सुटते, रात्री उशी भिजते आणि ती लाळही फुप्फुसात उतरू शकते. जेवताना वारंवार ठसका लागणे आणि त्यानंतर ताप, खोकला, धाप येणे ही न्यूमोनियाची खूण असू शकते. वयस्कर रुग्णांत हा धोका अधिक असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचे प्रमाण वाढते आणि त्यात हृदयविकार व न्यूमोनिया ही प्रमुख कारणे दिसतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला होता. त्यामुळे ‘आजोबा रात्री ओरडतात, थोडी झोपेची गोळी वाढवू’ असा घरगुती निर्णय महागात पडू शकतो.

तिसरे कारण गुंगीचे. या औषधांनी झोप येते. त्यावर दारू, गांजा, झोपेच्या किंवा वेदनाशामक अफूवर्गीय गोळ्या पोटात गेल्या, तर श्वासाची गती धोकादायकरीत्या मंदावते. आक्रमक रुग्णाला शांत करण्यासाठी ओलान्झापिन आणि लोराझेपाम ही दोन्ही इंजेक्शने एकाच वेळी देऊ नयेत, असा वैद्यकीय सल्ला आहे तो याच कारणाने. झोपलेला रुग्ण हाक मारून, हलवूनही उठत नसेल आणि श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला असेल, तर तो ‘गाढ झोपलाय’ असे समजू नये.

चौथे कारण हृदय आणि रक्ताच्या गुठळ्यांचे. क्लोझापिन सुरू केल्यानंतर साधारण पहिल्या दोन महिन्यांत काही थोड्या रुग्णांत हृदयाच्या स्नायूला सूज येते. ताप, छातीत दुखणे, धाप, नाडी जोरात चालणे ही तिची लक्षणे साध्या फ्लूसारखी दिसतात, म्हणून नजरेतून सुटतात. या औषधांनी पायातील शिरांत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोकाही थोडा वाढतो. एका पायाला सूज आणि दुखणे, पाठोपाठ अचानक धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त येणे दिसले तर वेळ घालवू नये.

पाचवे कारण बरेच उशिरा दिसते. अनेक वर्षे औषध घेतल्यावर काहींचे ओठ, जीभ, बोटे आपोआप हलत राहतात. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. तीच अनावर हालचाल कधी छातीच्या आणि पोटाच्या पडद्याच्या स्नायूंत होते. मग श्वास अनियमित होतो, मध्येच हुंकार निघतो, बोलताना वाक्य तुटते. झोपेत मात्र हा त्रास थांबतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघतो आणि ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते.

सहावे कारण वजनाचे. ओलान्झापिन आणि क्लोझापिनने भूक खूप वाढते. काही महिन्यांत दहा-पंधरा किलो वजन वाढलेले रुग्ण दुर्मीळ नाहीत. मानेभोवती चरबी वाढली की झोपेत घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दचकून उठणे आणि दिवसभर पेंग येणे सुरू होते.

प्रत्येक धाप गोळीमुळेच असते का?

नाही. वाशिमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात तर ही शंका आधी घ्यावी लागते. सोयाबीन, तुरीच्या मळणीची धूळ, चुलीचा धूर, विडी, जुना दमा, क्षयरोग, रक्तक्षय ही सगळी धाप लागण्याची नेहमीची कारणे आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर मानसिक रुग्णाचीही थुंकीची तपासणी इतर कोणाहीप्रमाणे झाली पाहिजे.

खरिपात आणखी एक धोका असतो. फवारणीतील काही कीटकनाशकांच्या विषबाधेत तोंडातून लाळ येते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि श्वास कोंडतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून अनेक शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, त्यात काहींचे प्राण गेले. लाळ गळणारा रुग्ण आदल्या दिवशी शेतात फवारणीला गेला होता का, घरातील औषधाचा डबा उघडलेला आहे का, हे विचारायला विसरू नये.

अस्वस्थतेचाही गोंधळ होतो. या औषधांनी काही रुग्णांना एका जागी बसवत नाही, पाय सतत हलत राहतात, आतून तगमग होते. याला अकाथिसिया म्हणतात. रुग्ण ‘जीव घाबरतो, श्वास पुरत नाही’ असे सांगतो, पण बोटाला लावलेले ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र ९७-९८ दाखवते. आजार वाढला असे समजून मात्रा वाढवली तर तगमगही वाढते. ही तगमग इतकी असह्य होऊ शकते की रुग्णाच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. मात्रा कमी करून किंवा प्रोप्रानोलॉलसारखे औषध देऊन ती आटोक्यात येते. रुग्णाला दमा असेल तर प्रोप्रानोलॉलने तो बळावतो, म्हणून दम्याचा इतिहास डॉक्टरांना आधीच सांगावा.

तक्रार ऐकली का जात नाही?

मानसिक आजाराचा शिक्का बसलेल्या माणसाने छातीत दुखते म्हटले, तर घरचे आधी त्याच्या तोंडाकडे पाहतात. काल त्याने शेजारी विष घालतो म्हटले होते, आज श्वास कोंडतो म्हणतो, मग खरे काय मानायचे? हा संशय घरापुरता नसतो, दवाखान्यातही तो भेटतो. तक्रार भ्रमातून आली आहे की शरीरातून, हे बोलण्यावरून ठरवता येत नाही. नाडी, श्वासाची गती, ताप, रक्तदाब आणि ऑक्सिजन या पाच गोष्टी मोजल्या की बऱ्याच अंशी कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात या पाचही तपासण्या होतात. ‘आधी मोजा, मग ठरवा’ हा आग्रह नातेवाईकांनी धरला तर तो वावगा नाही.

विदर्भाच्या उन्हाळ्यात वेगळी काळजी का?

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अँटिसायकोटिक औषधे मेंदूतील तापमान नियंत्रणात ढवळाढवळ करतात. थरथर कमी करण्यासाठी सोबत दिली जाणारी ट्रायहेक्झिफेनिडिलची गोळी घाम कमी करते. घाम आला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यामुळे अशा रुग्णाला उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. भर दुपारी शेतात काम, टिनाच्या खोलीत झोपणे, पाणी कमी पिणे टाळायला हवे.

याच्याशी साधर्म्य असलेला एक दुर्मीळ पण गंभीर आजार आहे, न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. त्यात खूप ताप, लाकडासारखे ताठ अंग, भरपूर घाम, रक्तदाबाचे चढउतार, बरळणे आणि वेगाने चालणारा श्वास दिसतो. तो कोणत्याही ऋतूत, बहुतेकदा औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही दिवसांत ते दोन आठवड्यांत होतो. ताप अधिक ताठरपणा अशी जोडी दिसली, तर पुढची गोळी न देता रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

इतर कोणत्या दुष्परिणामांकडे लक्ष ठेवावे?

वजनाबरोबर रक्तातील साखर आणि चरबीही वाढते. औषध सुरू करण्यापूर्वी, तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून किमान एकदा वजन, कमरेचा घेर, साखर आणि रक्तदाब तपासावा.

रिस्पेरिडोन, ॲमिसल्प्राइड यांसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन संप्रेरक वाढते. स्त्रियांची पाळी थांबते, बाळंतपण नसताना स्तनांतून दूध येते. घरात गैरसमज होतात, तरुणी लाजेने कोणाला सांगत नाही आणि गोळी गुपचूप बंद करते. पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होते, तेही बोलले जात नाही. या दोन्हींवर उपाय आहेत.

क्लोझापिनने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यातून मृत्यू झाल्यावर अनेक देशांत हे औषध मागे घेतले गेले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारात ते सर्वांत प्रभावी ठरते, असे १९८८ मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने दाखवले, तेव्हा रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले. सुरुवातीच्या काही महिन्यांत ही तपासणी दर आठवड्याला करावी लागते. क्लोझापिन घेताना घसा दुखून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासावे. बद्धकोष्ठतेकडेही दुर्लक्ष नको. तीन-चार दिवस शौचाला न होणे आणि पोट फुगणे यातून आतडे बंद पडू शकते.

विडीचाही संबंध आहे. तंबाखूच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातात. रुग्णाने विडी अचानक सोडली, तर त्याच मात्रेत रक्तातील औषध वाढते आणि गुंगी, लाळ, झटके वाढू शकतात. विडी सोडणे चांगलेच, पण डॉक्टरांना सांगून सोडावी.

मग गोळी बंद केली तर काय होते?

२०१२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे साडेसहा हजार रुग्ण होते. औषध सुरू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६४ टक्के होते. फिनलंडमध्ये ११ वर्षे चाललेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध न घेणाऱ्या स्किझोफ्रेनिया रुग्णांत मृत्यूचे प्रमाण औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले.

आजार उलटला की नोकरी, शिक्षण, लग्न, शेतीचा हंगाम सगळे विस्कटते. शिवाय गोळी एकदम थांबवल्याने मळमळ, निद्रानाश, तगमग आणि अनावर हालचाली असे त्रासही होतात. म्हणून नियम सरळ आहे. श्वास कोंडणे, ताठ अंगासह ताप किंवा शुद्ध हरपणे असेल तर पुढची मात्रा थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. बाकी कोणत्याही त्रासात गोळी स्वतःहून बंद करू नये, पण डॉक्टरांना गाठण्यात टाळाटाळही करू नये.

वाशिममध्ये मदत कुठे मिळेल?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला. त्यांतर्गत जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर मानसोपचार सेवा दिली जाते. वाशिम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्यामुळे मोठ्या उपचारांसाठी अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठण्याची सवय इथे जुनी आहे. २०२४ मध्ये वाशिमलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. विदर्भासाठीचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात आहे.

तातडीच्या वेळी मात्र मानसोपचारतज्ज्ञ शोधत बसू नये. स्नायू आखडणे, धाप, गुंगी यांवरचे पहिले उपचार कोणताही एमबीबीएस डॉक्टर करू शकतो. १०८ वर फोन करून ‘मानसिक रुग्ण आहे’ एवढेच सांगण्याऐवजी ‘श्वास घेता येत नाही, अमुक औषध सुरू आहे’ असे सांगावे. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत सल्ला मिळतो.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ नुसार सुचवलेल्या उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. चिठ्ठी हातात घेताना ‘या गोळीने काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचे?’ असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे.

औषधाचा दुष्परिणाम झाल्यास रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः त्याची नोंद करू शकतात. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक कामाच्या वेळेत सुरू असतो. औषधांबाबतचे पुढील इशारे अशा नोंदींवरूनच ठरतात.

घरात लावून ठेवण्यासारखी यादी

लगेच १०८ बोलवा:
• श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, ओठ किंवा नखे निळी
• मान, जबडा, जीभ आखडून बोलता किंवा गिळता न येणे
• खूप ताप आणि अंग ताठ
• हाक मारूनही न उठणारी गुंगी
• अचानक धाप, छातीत दुखणे, थुंकीत रक्त

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा:
• क्लोझापिन सुरू असताना ताप किंवा घसा दुखणे
• जेवताना वारंवार ठसका, नंतर खोकला
• एका जागी बसवत नाही अशी तगमग
• तीन दिवस शौचाला न होणे
• चालताना वाढत जाणारी धाप, पायांना सूज

पुढच्या भेटीत नक्की सांगा:
• वाढते वजन, घोरणे, दिवसा पेंग
• पाळी चुकणे, दूध येणे, लैंगिक अडचणी
• ओठ, जीभ, बोटांची आपोआप हालचाल
• रात्री उशी भिजवणारी लाळ

काही गोष्टी घरी सहज करता येतात. रुग्णाला बसवूनच जेवू घालावे. घाईत मोठे घास घेणाऱ्याला कोरड्या भाकरीऐवजी वरणात कुस्करलेली भाकरी द्यावी आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. लाळ जास्त असेल तर कुशीवर झोपवावे. एका साध्या वहीत औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि दर महिन्याचे वजन लिहावे. मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो असावा. रात्री अकराला अनोळखी डॉक्टरसमोर उभे राहण्याची वेळ आली, तर तो फोटो दाखवता येतो आणि कोणते इंजेक्शन द्यायचे हे ठरवायला डॉक्टरांना वेळ लागत नाही.